डावी रांग, उजवी रांग

विणीच्या खोलीत रात्री दिवा मंद ठेवतात.
चोवीस पिंजरे, चोवीस गाभण्या,
आणि बाहेर युटलंडचा वारा
पत्र्याला पाठ घासत उभा,
जणू त्यालाही उबेला आत यायचंय.

मी विओरिका. रात्रपाळी माझी.
ग्रेव्हर्सनं मला दोन बादल्या दिल्या.
डाव्या रांगेला खमीर घालून, उजवीला नुसतं खाद्य,
विण्याच्या दोन आठवडे आधीपासून
पिल्लांचं दूध तोडेपर्यंत.
"चमचा सपाट," तो म्हणाला, "शीग लावायची नाही.
हा प्रयोग आहे."

पोतं उघडलं. करडे-पिवळे बारीक दाणे.
वास आला आणि मी तिथंच थबकले.
हा तर माराम्युरेशमधला शनिवार,
आई कोपरापर्यंत पांढरी,
काथवटीत कणीक तिंबतेय,
मागच्या पिठाचा गोळा फडक्यातून सोडवतेय,
कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतेय.
"जिवंत असतं गं हे. चटका बसला की मेलं."

इथंही तेच सांगतात, पत्रकावर छापून:
वाफेवरच्या पेंडीत घालू नका,
निवल्यावर हातानं कालवा.
पिल्लांची हगवण धरून ठेवणारं जस्त
कायद्यानं बंद झालं,
तेव्हापासून सगळ्यांची भिस्त
या पोटातल्या मजुरांवर.
डोळ्यांना न दिसणारे,
अंधारात राबणारे,
पगार न मागणारे.
(मी निदान मागते तरी.)

उजव्या रांगेत तीनशे अठरा. तिसरं वेत.
मागच्या वेताची सात पिल्लं तिच्या दुधाविना गेली,
वहीत माझ्याच अक्षरात आहेत.
दोन दिवस तिचं पोट साफ नव्हतं,
कास तापलेली, कठीण,
तोंड कुंडात, पण खात नव्हती.
माझ्याकडे बघत होती असं म्हणणार नाही.
डुकरीण भिंतीकडे बघत होती.

मी डावीकडची बादली उचलली.
एक चमचा. शीग लावून.
दुसऱ्या रात्री पुन्हा.
मग शेजारचीही जरा मलूल वाटली.
मग तिच्या शेजारची.

व्याली ती, पहाटे चारला, सोळा.
शेवटचं पिल्लू मुठीएवढं,
मी ते सडाला लावलं, चीक ओठांवर आला,
आणि त्यानं असा काही जीव खाऊन ओढ घेतली
की माझंच ऊर भरून आलं.

मार्चमध्ये सल्लागार बिर्थे वजनकाटा घेऊन आली.
पिल्लू, आकडा, पिल्लू, आकडा.
संध्याकाळी कॉफी पिता पिता म्हणाली,
"फरक आहे, पण किंचित.
उजवी रांग अपेक्षेपेक्षा बरी निघाली."
ग्रेव्हर्सनं पोत्यावरची किंमत पुन्हा वाचली.
मी माझ्या बुटांवरचा चिखल वाचला.

तीनशे अठरा तशीही उठली असती का?
त्या तीन चमच्यांनी काही झालं,
की नुसती रात्र सरली?
हे आता बिर्थेला कळणार नाही, मलाही नाही.
कळण्याची जागा
मीच पुसून टाकली.

"शरदात पुन्हा करू," ग्रेव्हर्स म्हणाला.
"रात्रपाळी तुझीच ना?"

मी म्हटलं, या खेपेला दिवसाची द्या.
कारण त्यानं विचारलं नाही.
बादल्या विसळल्या, पालथ्या घातल्या,
आणि सवयीनं मनगट नाकाशी नेलं.