कच्चा रंग

कबरी खुडूक बसली
मागाच्या खड्ड्यात.
आठ वर्षांपूर्वीपर्यंत तिथं बाबांचे पाय होते,
पावड्यांवर.

आई म्हणाली, उचला तिले, बादलीत बुडवा,
खुडूक उतरते.
बाबा म्हणाले, बसू दे.

तिच्याखाली चार अंडी, सुताची एक रिकामी कांडी,
आणि गेलेला झिरोचा बल्ब,
कुठून लोटत आणला तिलाच माहीत.
अंड्यांत काही नव्हतं.
गल्लीतला एकुलता कोंबडा
हेडाऊंकडे आखाडीला शिजला,
वाटीभर रस्सा आमच्याकडेही आला होता.

एकवीस दिवस झाले. मग पंचवीस.
तुरा फिका पडला तिचा,
पोटाची पिसं झडून
खाली तापलेलं उघडं कातडं.
हात नेला की दुप्पट फुगायची,
टोचायची,
आणि डोळे मिटून पुन्हा
त्या बल्बला ऊब द्यायची.

कमाल चौकातल्या सायकलवाल्याकडून
बाबांनी सहा पिल्लं आणली, कागदी पिशवीत.
तीन गुलाबी, दोन हिरवी, एक जांभळं.
आई म्हणाली, होळी आली काय हो आत्ताच?
बाबांनी एकाला खिडकीशी धरलं,
थुंकी लावून अंगठ्यानं पंख चोळला,
अंगठा पाहिला.
‘रंग कच्चा आहे.’
सुताच्या कितीतरी लडी
याच शब्दांत त्यांनी शेठच्या तोंडावर परत केल्या होत्या.

रात्र होऊ दे, म्हणाले.
दिवसा देशीन तर मारते.
अंधारात कोंबडी मोजत नाई.

साडेअकरा. जानेवारीतली नागपूरची थंडी,
इटारसी पुलाकडे एक मालगाडी, संपतच नाही अशी.
मोबाइलच्या उजेडावर मी
आईच्या जुन्या ब्लाउजचा लाल तुकडा धरलेला.
बाबा पालथे झोपले खड्ड्याच्या काठावर.
एका हातानं अंडं बाहेर,
दुसऱ्यानं पिल्लू आत,
जिथून अंडं काढलं तिथंच.
तुटलेला धागा असाच सांधायचे,
न बघता, ओठ आत ओढून.
दोनदा टोचलं तिनं मनगटावर.
बाबा हलले नाहीत.

पाच गेली.

सहावं, जांभळं, गळा काढून ओरडायला लागलं
आणि कबरी उठून उभी राहिली.
पाचही उघडी पडली.
मान उंच करून ती खाली पाहत होती,
एका डोळ्यानं, मग दुसऱ्या.
मी उजेड विझवला. दुसरं काय करणार.

तेव्हा अंधारात बाबांनी एक आवाज काढला.
घशाच्या तळातून, अगदी हळू,
टुक्. टुक् टुक्.
माग विकल्यापासून
‘हाव’ आणि ‘नाई’ एवढ्यावर दिवस काढणारा माणूस.
बराच वेळ काही नाही.
मग खड्ड्यातून तसाच आवाज आला,
आणि पिसं खाली बसल्याची सळसळ.

जांभळं तिनं घेतलंच नाही.
तीनदा दिलं, तीनदा बाहेर ढकललं.
शेवटी बाबांनी ते स्वेटरच्या आत टाकलं
आणि भिंतीला टेकले.

सकाळी कबरी खड्ड्याबाहेर.
दारात पाणी पीत होती, मान वर, मान खाली,
मागं पाच रंगीत ठिपके
एकमेकांवर पडत.
बल्ब खाली एकटाच.
बाबा बसल्या जागी घोरत,
स्वेटरच्या गळ्यातून एक चोच.

दुसऱ्या रात्री पुन्हा दिलं. तिसऱ्या रात्री राहिलं.
का राहिलं, ते कोंबडीला विचारा.

फेब्रुवारी सरेपर्यंत सगळी पांढरी झाली.
जांभळं कोणतं होतं, आता आम्हाला ओळखू येत नाही,
बाबांना येतं का ते ते सांगत नाहीत.

त्यांच्या बनियनवर छातीशी
रुपयाएवढा डाग राहिलाय.
आईनं साबण लावला, लिंबू चोळलं,
दोन दिवस उन्हात टाकलं.
‘कच्चा होता ना जी रंग?’
दोरीवरून बनियन काढत ती विचारते.

बाबा म्हणतात, हाव.