रिकामे, अर्जनवीस

समुद्रपूरच्या तहसिलीसमोर, कडूनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
वर पाटी: आ. ना. रिकामे, अर्जनवीस.
लोकं पाटी वाचतात, मग विचारतात,
"रिकामे हाय काय?"
मी म्हणतो, हाव, पण बसा, तिघं आधी हायत.
सव्वीस वर्षं या एकाच विनोदावर
मी रोज नव्यानं हासतो.
धंदा हाय. हासाव लागते.

माणसं येतात आडनाव खाली ठेवायला,
धुऱ्यावर भारा टेकवावा तशी.
कुत्तरमारे आले, सोबत त्यांचा कुत्रा,
शेपटी हालवत, मालकावर पूर्ण भरवसा.
दवाखान्यातली पोटदुखे सिस्टर म्हणाली,
डोकं धरून येतात भाऊ,
माह्यं नाव वाचलं की पोट सांगतात.
अन् त्या वर्षीची ती पत्रिका:
खराबे आणि नासरे परिवार
आपणांस आग्रहाचं निमंत्रण देत आहेत,
स्नेहभोजन दुपारी बारा.
अर्धं गाव घरूनच जेवून गेलं.

मग आला शालिक आगलावे.

त्यांच्या नंदोरीत कुटाराची गंजी जळली होती.
कोणाची बिडी, कोणाचं वैर, कोणाले ठावं.
बादल्या वाहून काळ्या पडलेल्या माणसांत
सर्वात काळा शालिक.
जमादार पंचनाम्याला बसला.
"तू साक्षीदार. नाव सांग."
"शालिक मोतीराम आगलावे."
जमादारानं पेन खाली ठेवला.
वर पाहिलं.
मग परत नाव विचारलं, हळू, प्रेमानं.
तीन तास ठाण्यात.
चहा पाजला त्याले,
पण स्टोव्ह जरा दूर सरकवला.

"बदलवून टाका," शालिक म्हणाला. "आजच्या आज."
मी कागद चढवला.
माझ्या मशीनचा 'ग' अर्धाच उमटतो,
म्हणून आडनाव मी हातानं लिहितो.
"नवीन काय लावू?"
रात्रभर विचार करून आणलं होतं त्यानं.
"विझवे."

शंभराचा स्टॅम्प, दोन फोटो, आधारची झेरॉक्स.
साहेब मीटिंगले गेले होते.
नसते गेले, तर आज नंदोरीत
एक विझवे राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तो आला बायकोच्या मागं मागं.
बेबीनंदा. ती बसली नाही.
"भाऊ, तुमच्या घरी दिवा विझवते काय कोणी?
मालवते. शांत करते.
विझला म्हणाले लोकं मरा लागतात.
अन् हा माणूस दारावर लिहिते, विझवे!"
पिशवीतून गडवा काढून तिनं टेबलावर ठेवला,
ठेवला म्हणजे आपटला,
विटेवरचा पाय निसटला.
गडव्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. अनसूयाबाई मो. आगलावे यांजकडून.
"सासूनं दिलेल्या एकवीस भांड्यांवर हे हाय.
मेली बिचारी. किती स्टॅम्प लागते खोडाले?"
मी गप्प. आमच्या धंद्यात हे कलम नाही.

"अन् आग कोण लावते घरात?
मी लावते. पाचाले उठून, चुलीले.
हा तं आठाले उठते.
मंग नाव कोणाचं झालं, सांगा?"

शालिक कडूनिंबाच्या शेंड्याकडे पाहत होता,
तिथं काही नव्हतं.
स्टॅम्पचे पैसे परत नाही होत, मी म्हणालो.
"राहू द्या," ती म्हणाली, "मागून कोरा हाय,
पोरगी गणितं करन."
गडवा पदरानं पुसून पिशवीत टाकला
अन् दोघं गेले,
ती पुढं, आगलावे मागं.

वीट परत सरकवताना ड्रॉवर उघडला आपोआप.
तळाशी माझाच एक अर्ज आहे,
धंद्याच्या पहिल्या महिन्यात टाईप केलेला, पिवळा.
जुनं नाव लिहिलेलं. कारण लिहिलेलं. तारीखसुद्धा.
नवीन नावाची जागा
अजून रिकामीच.