चावी

नाना नर्मदा लाइनीवर व्हॉल्व्हमन होते.
खांद्यावर टी-आकाराची लोखंडी चावी,
पहाटे चारला सायकल अन्नपूर्णेच्या टाकीकडे.
अडीच फेरे सुदामानगर, दीड लोकमान्यनगर.
टाकी भरली नसेल त्या दिवशी
टोकाच्या गल्ल्या आधी कोरड्या.
शिव्या नाना खात.

आज एम.वाय.च्या तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर सोहनी त्यांच्या अंगठ्याचं नख दाबून सोडतात.
पांढरं. अजून पांढरं.
मी मनात सहापर्यंत पोचते.
"प्रेशर पडलंय. शरीरानं आता
पाय, आतडी, किडन्या आवळून धरल्यात.
मेंदू आणि हृदय तेवढं चालू ठेवलंय."

म्हणजे आतही कुणीतरी
अंधारात उठून फेरे मोजतोय,
आणि त्यालाही शिव्या द्यायला
कुणी बादली घेऊन उभं नाही.

पिशवीत लघवीचे चार थेंब.
पावलं माठाच्या बुडासारखी गार.
डोळे मात्र उघडे, ओळखीचे,
ओठ हलतात तेव्हा मी कान नेते जवळ:
"शेवटच्या घराला... अर्धा फेरा
सोड गं."

मी पायथ्याशी बसते,
दोन्ही तळवे ओंजळीत घेते.
त्यानं काही फरक पडत नाही, सिस्टर सांगते.
माहीत आहे.
नखाकडे बघत नाही.