पंधरा टक्क्यांपर्यंत

पिओरियात रात्री साडेआठला
कोंबडीच्या कपाटापुढे मी चष्मा बदलते.
बाहेर पार्किंगमध्ये मीठच मीठ,
माणसं घसरू नयेत म्हणून फेकलेलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा दिलाय:
दिवसाला दीड हजार मिलिग्रॅम सोडियम.
विद्याधर हसला, "चिमटीचा हिशेब मिलिग्रॅममध्ये?"
त्याच रात्री पाठीशी तीन उशा लागल्या.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्याचं काळीज तेवढंच करत होतं, पहाटेपर्यंत.

म्हणून वाचते.
'नैसर्गिक', शेजारी एक हिरवं पान.
'हार्मोन नाहीत', आणि त्यावर एवढीशी चांदणी.
चांदणीमागून गेले तर तळाशी मुंगीएवढी ओळ:
कोंबडीला ते द्यायला कायद्यानेच बंदी आहे.
म्हणजे 'आमच्याकडे वाघ पाळलेला नाही'
अशी दारावर पाटी,
आणि पाटीचे वर दोन डॉलर.

पाकीट उलटं केलं.
किमतीच्या चिठ्ठीखाली अर्धी दडलेली ओळ
नखाने खरवडून काढली:
पंधरा टक्क्यांपर्यंत द्रावण. पाणी, मीठ, सोडियम फॉस्फेट.
कराडला आमचा गवळी पाणी घालायचा
आणि म्हशीच्या गळ्याची शपथ घ्यायचा.
इथे शपथ नाही, छापूनच देतात.

"मला पण सांगता? चष्मा गाडीत राहिला."
जांभळ्या टोपीतली म्हातारी, हातात मोठं पाकीट.
"सोडियम चारशे चाळीस," मी वाचलं.
"चाळीस?"
"चारशे चाळीस."
"आणि मी वरून मीठ चोळत्येय, एकोणतीस वर्षं."
तरी तिने पाकीट परत ठेवलं नाही.
तिच्याकडे त्याचं कूपन होतं.

मी घेतली ती वाऱ्यावर गार केलेली,
दुप्पट भावाची, काहीही न टोचलेली.
तीसुद्धा सत्तर मिलिग्रॅम घेऊनच आली होती,
तिला जगायला लागलेलं तिचं मीठ.

घरी कांदा परतला, लसूण घातली,
मसाल्याचा डबा उघडला आणि हात थांबला.
झाकणावर फक्त वन्संचं अक्षर: 'काळा. बेताने घाल.'
तिकडे सकाळ झाली होती. फोन लावला.
"वन्सं, ह्यात मीठ घातलंय का हो?"
"म्हणजे काय, चांगलं मूठभर.
टिकायला नको?"