बरचीचा वाटा

पारधीत पहिला घाव ज्या बरचीचा,
तिला एक वाटा. धरणारा नसला तरी.
म्हणून गणू घाडी गेल्यावरही
अकरा वर्षं बायजाच्या पडवीत
सागाच्या पानात सागोती यायची
बरचीच्या नावाने.

बरची न्यायला झिलू यायचा,
परत आणायचा धुऊन,
पात्याला खोबरेल लावून.

यंदा आचऱ्याच्या सड्यावर बार वाजला.
एकच.
कुत्रीसुद्धा नीट भुंकली नाहीत.

तिन्हीसांजेला झिलू आला, हात रिकामे.
"काकी, औंदा वाटो बंदुकीचो."

बायजाने आढ्याची बरची उतरवली,
दांडी पदराने पुसली,
परसात गेली.
शेंड्याला राहिलेले चार रातांबे
टोचून पाडले.
दोन झिलूच्या हातावर ठेवले.
"घे. हो बरचीचो."