गुणक

निकालपत्र अकरा पानांचं.
दाभोळच्या फेरीबोटीत गुडघ्यावर धरून वाचलं.
वाऱ्याने सातवं पान सारखं उलटत होतं.

सातव्यावर माझा भाऊ आहे.
हरेश्वर, वय एकतीस, अविवाहित,
उत्पन्नाचा पुरावा नाही.
आजारी होता, म्हणून कामावर नव्हता;
कामावर नव्हता, म्हणून स्वस्त.
तरी महिना पाच हजार धरलेत.
त्यातले निम्मे वजा,
कारण एकटा माणूस निम्मे स्वतःवरच उडवतो
असं कायदा मानतो.
कशावर उडवले असतेस, हरू?
रेडिओचे सेल. तंबाखूची पुडी.
जेटीवरच्या त्या लंगड्या कुत्रीला पाव.
उरलेल्याला बाराने गुणायचं, मग सोळाने.
चार लाख ऐंशी हजार.
हिशेब बरोबर आहे. दोनदा करून पाहिला;
बर्फाच्या कारखान्यात मी हिशेबच लिहिते.

नवव्या पानावर ते रजिस्टर.
दर पंधरा मिनिटांनी रुग्णाला पाहिल्याची खूण,
एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने,
सकाळी सहापर्यंत.
हरू तीन-दहाला गेला.
तीन-पंधराला तो ‘शांत झोपलेला’ आहे.
साडेतीनलाही.
पावणेसहालाही शांत.

आयोग म्हणतो, निष्काळजीपणा सिद्ध.
आयोग म्हणतो, हेतू मात्र दिसत नाही.
सबब दंडात्मक भरपाईची मागणी अमान्य;
तक्रारदारास अवाजवी लाभ होता कामा नये.

साठविलकर वकील म्हणाले, वर जाऊ,
पण शिक्षेला वरचाही हात आखडताच.
भरपाई म्हणजे भोक बुजवणं, ताई. भोकाएवढंच.

साहेब, मला मिळावं म्हणून नव्हतं मागितलं.
त्यांचं जावं म्हणून.

आये म्हणाली, “चार लाखान् त्यांचा काय जाता?
परवा पार्किंगला नवी फरशी घातल्यानी.”

हर्णैला माझी रात्रपाळी.
तीन वाजता बोटींसाठी बर्फ निघतो.
लादी घसरणीवरून सुटते,
खाली ट्रॉलीत आदळल्याचा आवाज येतो,
मग मी एक खूण करते.
आवाज आधी.
नवा पोरगा जांभई देत म्हणाला,
सगळ्या एकदम करून टाका ना, कोण बघतंय.

पेन मी त्याच्या हातात दिलं नाही.