तारीची वाट

वकिलांनी तीन गोष्टी सांगितल्या:
वाट स्पष्ट दिसली पाहिजे,
मागं नदी यावी, म्हणजे जागा ओळखता येते,
आणि माणूस नको.
माणूस आला की समोरचे म्हणतात, मुद्दाम उभा केलाय.

मी एरवी पासपोर्टचे फोटो काढते,
पेडण्याच्या बाजारात, नारळाच्या वखारीला लागून.
मागं निळा पडदा. कान दिसू द्या. हसू नका.
वाटेचा फोटो आजवर कुणी मागितला नव्हता.

शाणू तारी पुढं, मी मागं.
पूल झाला तेव्हाच होडी काठावर उपडी पडली,
आता तिच्या फळ्यांवर कुणीतरी चवळीचा वेल चढवलाय.
वाट तेवढी उरली. शाणूची आणि मुंगसांची.
काजूची बाग संपते तिथं नवं तारेचं कुंपण,
खांबांना अजून दुकानाच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या.
शाणू पायानं तार दाबून धरतो,
"वाक गे बाय," म्हणतो,
जशी काही त्याच्याच घराची चौकट बुटकी आहे.

पहिला फोटो: घाणेरी.
दुसरा: घाणेरी, आणि तिच्या पोटात कुठंतरी
तीन चिऱ्यांची पायरी,
मला ठाऊक आहे म्हणून मला दिसते.
तिसऱ्यात शापोरा पांढरीफटक, जत्रेतल्या पत्र्यासारखी.
गुडघ्यांवर बसले, मग चक्क पोटावर,
कुसळं ओढणीत, लाल मुंगी मनगटावर,
आणि भिंगातून बघावं तर वाट नाही,
नुसता उतार.

तो चालतो तेव्हा मात्र असते.
टाच उचलते, तिच्याखाली माती क्षणभर लाल होते,
मग गवत पुन्हा आपल्या जागी.

हांगा, तो म्हणतो, शुक्रवारी रांग लागायची,
म्हापशाच्या बाजाराला मिरच्या, कोंबडे, मातीच्या कुंड्या.
हांगा खुबेवाल्या पाटी टेकवायच्या, त्या दगडाला बघ खळगा पडलाय.
हांगा कोलवाळचं वऱ्हाड ओहोटीत अडकलं,
नवरीची एक चप्पल चिखलानं घेतली ती घेतलीच.
रात्री बॅटरी गेली तर?
तर काय, चिरा गार लागतो, माती ऊन लागते.
पायाला कळतं.

मी हे सगळं कॅमेऱ्यात कुठं घालू?

शेवटी वळणावर एक जागा मिळाली:
दोन पायऱ्या, मध्ये फुटलेला चिरा, पलीकडे पाणी.
"शाणूबाब, जरा बाजूला व्हा."
"बाजूक म्हणजे खंय?"
त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.
सत्तर वर्षांत या माणसानं
वाटेच्या बाहेर पाय ठेवलेला नसावा.
गवतात एक पाऊल घातलं, परत घेतलं,
दुसऱ्याच्या ताटाला हात लागावा तसं.
मग चपला काढल्या, सरळ खाली गेला
आणि नदीत उतरला.
गुडघाभर, माझ्या चौकटीच्या डावीकडं.
तिथं त्याला उभं राहता येत होतं.

भरती लागली होती.
"जालें गे?"
थांबा.
"जालें?"
थांबा, हलू नका, म्हटलं मी सवयीनं,
आणि बटण दाबलं.

फोटोत माणूस नाही. नदी आहे.
खालच्या पायरीवर दोन रबरी चपला,
एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला,
टोकं पाण्याकडं.
त्यांच्यामुळंच मागची वाट वाट वाटते,
त्या बोटानं झाकून पाहिल्या, सगळं परत घाणेरीत गेलं.
वकिलांनी चपलांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तो वर आला. ओले पाय चिऱ्यांवर उमटत गेले,
काळे, पाचही बोटांसकट, एकामागं एक.
मी कॅमेरा उचलेपर्यंत
खालचे वाळलेसुद्धा होते.

परतताना तारेपाशी थांबून विचारलं त्यानं,
पासपोर्टच्या मापात निघेल काय गे ती?
एका कागदावर आठ येतात ना?
एक मला पुरे.
बाकीच्या कोर्टाला दे.